पीएसटूला चिप टाकायची की मेमरी कार्डावर भागतं? दुकानदार एक सांगतो, शेजारचा मुलगा दुसरं

साबुदाणावडा:

माळा आवरताना दादाचा प्लेस्टेशन टू (पीएसटू, सोनीचं टीव्हीवर गेम खेळायचं मशीन) सापडला. जुना, जाडजूड, काळा. मागच्या पट्टीवर एससीपीएच-३९००४ असं लिहिलंय. दादाने तो २००४ साली कॉलेजात असताना घेतला होता. आता तो मस्कतला असतो आणि फोनवर "टाकून दे गं तो" म्हणाला. पण माझ्या दहा वर्षांच्या लेकाने तोवर तो छातीशी धरून हॉलमध्ये आणला होता, त्यामुळे टाकण्याचा विषय माझ्या हातून गेला.

मशीन चालू होतं. लाल दिव्याचा हिरवा होतो, निळसर धुक्यातले ते ठोकळे दिसतात, आवाज येतो. डिस्क टाकली की मात्र थोडा वेळ घरघर, आणि मग लाल पडदा: प्लेस्टेशनची डिस्क घाला, असं इंग्रजीत. सोबत डिस्क ओवून ठेवायचं एक स्पिंडल आहे, चाळीसेक डिस्क, सगळ्यांवर दादाच्या अक्षरात मार्करने नावं. एकही चालत नाही. शिवाय एकच खऱ्या डबीतली क्रिकेटची डिस्क आहे, तीही नाही.

इथल्या एका दुकानात नेलं. त्याने मशीन चालूसुद्धा केलं नाही. स्पिंडलमधली वरची डिस्क उजेडात धरली आणि म्हणाला, "मॅडम, ही कॉपी आहे. चिप टाकावी लागेल. हार्डवेअर मॉड. साडेतीन हजार." घरी आले तर शेजारच्या विंगमधला बारावीचा मुलगा म्हणतो, "काकू, चिपबिप आता कोण टाकतं? सॉफ्टमॉड करा. मेमरी कार्डावर होतं, मशीन उघडायचंही नाही."

दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत की वेगवेगळ्या, तेच मला कळेना. हार्डवेअर मॉड आणि सॉफ्टवेअर मॉड यांत नेमका फरक काय, आणि मी काय करू? समजावताना मी ढ आहे असं धरा, पण बावळट आहे असं धरू नका.


बिटबिट:

सोपं आहे. मशीन उघडून सोल्डरिंग केलं, म्हणजे डाख देऊन तारा जोडल्या, की हार्डवेअर मॉड, न उघडता केलं की सॉफ्टवेअर मॉड. दुसरं स्वस्त आणि परत पूर्ववत करता येतं. सॉफ्टमॉडच करा.


फ्लक्सवाला:

ताई, त्या दुकानदाराला आगाऊ दिले नसतील तर साडेतीन हजार खिशातच ठेवा. का ते पुढे सांगतो.

मी १९९८ ते २००९ लॅमिंग्टन रोडला एका दुकानाच्या पोटमाळ्यावर बसायचो. ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं. खाली दुकान, वर रिपेरिंग. छत इतकं खाली की पंखा काढून टाकलेला. टेबलावर सोल्डरिंग आयर्न, भिंग, पेस्टची डबी, मल्टीमीटर, आणि कोपऱ्यात शेठच्या मेहुण्याचा जेवणाचा डबा, जो नेहमी पेस्टच्या वासाचा व्हायचा. किती चिपा बसवल्या ते मोजलं नाही. डोळ्यांचा नंबर मात्र तिथेच लागला.

बिटबिट, तुझी व्याख्या ऐकायला बरी आहे, टेबलावर टिकत नाही. उघडलं की नाही उघडलं यावर काही ठरत नाही. गेमचं मशीन चालू झालं की ते दोन-चार चौकश्या करतं: ही डिस्क कंपनीच्या कारखान्यातली का, याच देशासाठीची का, हा प्रोग्राम कंपनीने सही केलेला का. मॉड म्हणजे त्या चौकशीला खोटं उत्तर पोचवणं. ते उत्तर तुम्ही तारेवर घातलं, म्हणजे विजेच्या रूपात बाहेरून ढकललं, की ते हार्डवेअर. मशीनच्याच प्रोग्रामातली एखादी फट शोधून त्याच्याकडूनच आपलं काम करवून घेतलं, की ते सॉफ्टवेअर.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते पहिल्या प्लेस्टेशनमध्ये, त्यामुळे जरा तिथे थांबतो. (मला तो सगळ्यात आवडायचा, हेही कारण आहे.) त्याच्या मूळ सीडीच्या आतल्या कडेला, डेटा सुरू व्हायच्या आधी, खोबण मुद्दाम किंचित नागमोडी केलेली असते. त्या डुलण्यात चार अक्षरं लपवलेली: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. तुम्ही घरी रायटरवर कितीही हुबेहूब कॉपी मारा, डेटा उतरतो, ती डुलकी उतरत नाही. कोऱ्या सीडीची खोबण कारखान्यातूनच ठरून आलेली असते, रायटर तिचा आकार बदलू शकत नाही. म्हणजे कुलूप डेटात नव्हतंच, प्लास्टिकच्या आकारात होतं. छान डोकं होतं ज्याचं कोणाचं असेल त्याचं.

त्यावर तोड काय, तर आठ पायांचा एक चिमुकला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा कॉम्प्युटरच, पीआयसी १२सी५०८. बाजारात शंभराच्या आत यायचा. त्यात एवढासा प्रोग्राम भरायचा आणि बोर्डावर चार-पाच तारांनी जोडायचा. मशीन चालू झालं की ही चिप त्या तारेवर ती चार अक्षरं घोकत बसायची. डिस्कवर डुलकी नसली तरी अक्षरं तर आली, मशीन पुढे जायचं. एकही ओळ प्रोग्राम न बदलता, फक्त एका तारेवर. हे अस्सल हार्डवेअर मॉड.

पण सुरुवातीच्या चिपांचं तोंड बंदच व्हायचं नाही. गेम सुरू झाला तरी घोकणं चालूच. गेम बनवणाऱ्यांच्या हे लक्षात आलं. त्यांनी नंतरच्या काही गेममध्ये उलटी चौकशी घातली: जिथे अक्षरं यायला नकोत तिथेही येतायत का? येतायत? म्हणजे आत चिप आहे. गेम बंद. मग नवे प्रोग्राम आले ज्यात चिप सुरुवातीला अक्षरं पाठवून गप्प बसते. आमच्याकडे जुनी चिप बसवलेली गिऱ्हाइकं परत यायची, "गेम टाकला की काळा पडदा." चिप तीच, तारा त्याच, आतला प्रोग्राम बदलला की काम झालं. फक्त तो बदलता यायचा नाही, कारण ती पीआयसी एकदाच लिहिता येणारी असायची. काढून फेकायची, नवी लावायची.

आणि काडीवाले होते ते वेगळेच. यांना चिपही नको. झाकणाखालच्या बटणात काडी नाहीतर रिफिलचा तुकडा अडकवायचा, म्हणजे मशीनला झाकण बंदच वाटतं. मूळ सीडी घालायची, तपासणी झाली की फिरती सीडी बोटांनी उचलून कॉपी ठेवायची. आता याला हार्डवेअर म्हणाल की सॉफ्टवेअर? माझ्याकडे एक पोरगा यायचा भायखळ्याहून, त्याच्या अंगठ्यावर त्या सीडीचा कायमचा ओरखडा होता.

पीएसटूची चिप हा मात्र दुष्ट प्रकार. वीसेक तारा. त्यातल्या बऱ्याच थेट बायोस चिपच्या पायांवर, आणि ते पाय केसासारखे. बायोस म्हणजे मशीनचा अगदी पहिला प्रोग्राम. तो ज्या चिपमध्ये असतो तिच्यातलं काही कोणी बदलत नाही. तिच्यातून प्रोसेसरकडे जे बाईट निघतात, ते वाटेत, नेमक्या क्षणी, मॉडचिप बदलते. म्हणजे लावलं हार्डवेअर, पण फसवलं प्रोग्रामला. म्हणून म्हटलं, व्याख्या टेबलावर टिकत नाही.

एकदा जुलैत, बाहेर धो धो पाऊस, गोव्याहून रात्रीच्या बसने एक जण पीएसटू घेऊन आलेला. संध्याकाळी त्याची परतीची बस. मी घाईत आयर्न दोन सेकंद जास्त टेकवला आणि बायोसच्या पायाखालचा तांब्याचा पॅड बोर्डावरून सुटला, भाजलेल्या पापडाच्या कडेसारखा वर आला. तो काही परत चिकटत नाही. पुढची ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, खरवडून तिथे तार जोडली, तीन तास गेले, चाललं नाही. दुकानातलं दुसरं मशीन त्याला दिलं आणि माझ्या पगारातून चार महिने कापून गेलं. हार्डवेअर मॉडचा खरा तोटा हाच: चुकलात तर चूकही हार्डवेअरमध्ये राहते.

आता तुमच्या शेजारच्या मुलाचं मेमरी कार्ड, गेम कुठवर आला ते साठवायचं. तो बरोबर सांगतोय. २००८ साली फ्री मॅकबूट नावाचा प्रकार आला. पीएसटू चालू होताना मेमरी कार्डावर कंपनीचं एखादं अपडेट आहे का ते बघतो. ही सोय सोनीने स्वतःसाठी ठेवलेली, डीव्हीडी प्लेअर वगैरे सुधारायला. त्या अपडेटच्या जागी आपला प्रोग्राम ठेवला की मशीन तो इमानेइतबारे चालवतं. फायली कार्डाला बांधलेल्या असाव्या लागतात, आणि ते बांधायचं कामही पीएसटूकडूनच करून घेता येतं. कार्ड काढलं की मशीन जसं होतं तसं. एक तार नाही, एक डाग नाही.

दोन अटी. कार्ड ८ एमबीचं सोनीचं, ज्यावर मॅजिकगेट छापलेलं असतं, किंवा तसं चालणारं हवं. स्वस्तातली बरीच कार्डं यात नापास होतात. आणि मशीन अगदी शेवटच्या बॅचचं नको. एससीपीएच-९०००० मालिकेत, २००८ च्या उत्तरार्धापासून, बायोस बदलून ही कार्डवरून अपडेटची सोयच काढून टाकली. तारखेचा कोड ८सी असेल तर काही चालतात काही नाही, ८डी असेल तर नाही. तुमचं ३९००४ त्याच्या कितीतरी आधीचं, बिनघोर.

आता मुद्द्याचं. ताई, तुमच्या दादाने २००४ मध्ये चाळीस कॉपी डिस्क गोळा केल्या आणि त्या खेळला. कार्डाची युक्ती आली २००८ ला. मग तो २००४ ते २००८ काय करत होता? काडी लावून चाळीस गेम कोणी खेळत नाही. तुमच्या मशीनमध्ये चिप आधीच बसलेली आहे. दुकानदार चिपवर चिप बसवायला निघाला होता.

आणि खऱ्या डबीतली डिस्कही चालत नाही ना? तिला चिप लागतच नाही. म्हणजे बिघाड लेन्सचा. इतकी वर्षं माळ्यावर. ना चिप हवीय, ना कार्ड. आधी लेन्स पुसायला हवीय. घरातली सिनेमाची एखादी डीव्हीडी आणि निळ्या पोटाची पीएसटूची सीडी मिळाली तर ती, दोन्ही टाकून बघा. एक वाचतो आणि एक नाही असं झालं तर माझं म्हणणं पक्कं.


बिटबिट:

ठीक, व्याख्या मागे घेतो. चिप आधीच असणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पण फ्लक्सवाले, "तारेवर की प्रोग्राममध्ये" ही तुमची रेघसुद्धा आता पुसट झालीय. मी निन्टेन्डो स्विच या हातात धरायच्या गेमच्या मशीनवर बराच वेळ घालवलाय. २०१८ मध्ये त्याच्या टेग्रा नावाच्या मुख्य चिपच्या बूटरॉममध्ये, म्हणजे अगदी पहिल्या प्रोग्राममध्ये, चूक सापडली. यूएसबीवरून जरूरीपेक्षा जास्त डेटा पाठवला की आपला प्रोग्राम चालतो. शुद्ध सॉफ्टवेअर. पण त्या अवस्थेत न्यायला काय लागतं? उजवा जॉयकॉन, म्हणजे बाजूला लागणारा कंट्रोलर, काढायचा आणि त्या खाचेतला दहावा पिन जमिनीला, म्हणजे ग्राउंडला टेकवायचा. लोक कागदाच्या पिना वाकवून करायचे. मी पहिल्यांदा तेच केलं आणि शेजारचा पिन वाकवला, आता तो जॉयकॉन फक्त ब्लूटूथवर चालतो, रेल्वर लावला तर चार्ज होत नाही.

गंमत पुढे आहे. चूक बूटरॉममध्ये, म्हणजे सिलिकॉनमध्ये कोरलेली, त्यामुळे विकलेली मशीनं निन्टेन्डोला कुठल्याही अपडेटने दुरुस्त करता आली नाहीत. नवी मशीनं कारखान्यातूनच दुरुस्त होऊन यायला लागली. मग तिथे पुन्हा चिपा आल्या, आधी विकतच्या, आणि २०२३ च्या सुमारास आरपी२०४० नावाच्या साध्या, स्वस्त मायक्रोकंट्रोलरवर. ही चिप कुठली अक्षरंबिक्षरं पाठवत नाही. प्रोसेसर सही तपासत असतो त्या नेमक्या क्षणी त्याचं व्होल्टेज निमिषभर पाडते. प्रोसेसर अडखळतो, "नाही" म्हणायचं राहून जातं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर २०११ मध्ये हाच विचार होता, फक्त तिथे व्होल्टेजऐवजी रीसेटच्या पायावर अगदी छोटा झटका. प्रत्येक वेळी लागू पडेलच असं नाही, म्हणून चिप पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कधी दोन सेकंदात चालू, कधी चहा होतो.

आणि उलटंही आहे: कंपनीचं सॉफ्टवेअर तुमचं हार्डवेअर बदलतं. स्विचच्या आणि ३६० च्या प्रोसेसरमध्ये बारीक फ्यूज असतात. ठरावीक अपडेट झालं की त्यातला एक कायमचा जाळला जातो. मग जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं तर ते फ्यूज मोजतं, जास्त जळलेले दिसले की चालूच होत नाही. म्हणजे "सॉफ्टवेअर केव्हाही पूर्ववत करता येतं" हे माझं वाक्यही गेलं.


फ्लक्सवाला:

बिटबिट, आता बोललास.

कागदाच्या पिनेवरून आठवलं, पीएसपीची, म्हणजे सोनीच्या हातात धरायच्या गेमच्या मशीनची, बॅटरी. २००७ ला ती आली तेव्हा आम्ही आठवडाभर दुसरं काही केलं नाही. पीएसपीच्या बॅटरीत एक चिमुकली मेमरी असते, तिच्यात बॅटरीचा अनुक्रमांक. तो सगळा एफ-एफ-एफ केला की पीएसपीला वाटतं आपण सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर आहोत, आणि ते थेट मेमरी स्टिकवरून चालू होतं. मेलेली मशीनंसुद्धा उठून बसायची. ज्यांना आकडा बदलणं जमायचं नाही ते बॅटरी फोडून त्या मेमरीचा एक पाय कापायचे, परिणाम तोच. बॅटरी फोडली, पीएसपी उघडलंच नाही. आकडा बदलला, पण बॅटरीतला. घे, बसव तुझ्या कुठल्या खणात बसवतोस ते.

(लिथियमची बॅटरी सुरीने फोडू नका कोणी. एकदा सुरी आत गेली आणि बॅटरी फुसफुसायला लागली, मी ती खिडकीतून गच्चीवर फेकली होती. तेव्हापासून दुकानात वाळूचा डबा असायचा.)

ताई, व्यवहारात तुम्हाला लागेल तेवढंच सांगतो. लेन्स पुसून भागलं तर झालं. लेन्स गेलीच असेल तर मग कार्ड उपयोगी पडेल, पण कॉपी डिस्क चालवायला नाही. डिस्कच टाळायला. कार्डावरून ओपन पीएसटू लोडर चालतो, तो गेम पेनड्राइव्हवरून, नेटवर्कवरून किंवा हार्डडिस्कवरून उचलतो. पेनड्राइव्ह समोर लागतो पण तिथलं यूएसबी जुनं, १.१ आहे, सेकंदाला १२ मेगाबिट. गेम चालतात, मधले व्हिडिओ अडखळतात. तुमच्या जाड मशीनच्या मागे मोठा खण आहे. नेटवर्क अडॅप्टर मिळाला तर त्यात जुन्या कॉम्प्युटरची आयडीई हार्डडिस्क बसते. तो सगळ्यात सुखाचा मार्ग. लेन्स पूर्ण विश्रांतीवर.

साधी चिप यातलं काही करत नाही. तिचं सगळं कामच डिस्कशी. लेन्स मेली की चिप असून नसून सारखी.


कलम_कसाई:

मधेच येतो, माफ करा. तंत्र कळलं, पण कोणीतरी हेही लिहायला हवं. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्काचं उल्लंघन करण्याच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शब्द नीट वाचा: हेतू लागतो. स्वतःच्या मूळ डिस्कची प्रत स्वतःच्या मशीनवर चालवणं आणि मार्करने नावं लिहिलेलं स्पिंडल, या दोन्हीकडे कोर्ट एकाच नजरेने बघेल असं नाही. आणि या कलमात हार्डवेअर-सॉफ्टवेअर असा भेद नाहीच. कुलूप आयर्नने उघडलं की कार्डाने, कायद्याला फरक पडत नाही.

ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने, सोनीच्याच खटल्यात चिप बसवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता. तर्क मजेदार होता: हे कुलूप कॉपी करणं थांबवतच नाही, कॉपी तर आधीच झालेली असते, ते फक्त ती खेळणं थांबवतं. नंतर त्यांनी कायदाच बदलला, ते वेगळं.


फ्लक्सवाला:

कसाईसाहेब, मी पुण्यकर्म करत होतो असा माझा दावा नाही. चिप बसवायला येणारा क्वचित कोणी म्हणायचा की मला जपानी गेम खेळायचाय. बाकीच्यांना खाली काउंटरवर शंभरला एक मिळणारी डिस्क हवी असायची. मूळ गेम दोन-अडीच हजारांना होता तेव्हा, आणि माझा पगार साडेचार. बाहेर पडलो त्यामागे हेही एक कारण होतं. आता बदलापूरला इन्व्हर्टर दुरुस्त करतो. तिथे कुलूप नसतं, फक्त शॉक असतो.


साबुदाणावडा:

तिघांचे आभार. शनिवारी काय झालं ते लिहिते.

आधी सिनेमाची डीव्हीडी: लाल पडदा. गाण्यांची सीडी: वाचली! म्हणजे फ्लक्सवाले म्हणाले तसंच, एक वाचतो, एक नाही.

मग यूट्यूब बघून उघडलं. खालच्या चौकोनी झाकणांखाली स्क्रू, लेक एकेक काढून बशीत ठेवत होता. मागचं कंपनीचं स्टिकर आधीच फाटलेलं होतं, हे मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. वरचं झाकण निघालं, ड्राइव्हचं पत्र्याचं कव्हर काढलं, आणि लेन्स दिसली. तिच्यावर धूळ नव्हती, एक तेलकट पापुद्रा होता. मी नेलपेंट रिमूव्हर घेऊन बसले होते, म्हटलं एकदा विचारावं.


फ्लक्सवाला:

नको! ती लेन्स प्लास्टिकची आहे. रिमूव्हरने पांढरी पडेल आणि मग खरंच नवीन घ्यावी लागेल. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळेल. कान साफ करायची काडी, एक थेंब, दाब न देता गोल. सुकू द्या. लेन्स ज्या दांडीवर सरकते तिलाही जुनं ग्रीस घट्ट झालेलं असेल, ते पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब.


साबुदाणावडा:

केलं. आयपीए मिळालं, शिवणयंत्राचं तेल आईकडे होतंच.

क्रिकेटची मूळ डिस्क तिसऱ्या प्रयत्नात चालली. लेकाने किंचाळून शेजारच्यांना जागं केलं. मग स्पिंडल घेतलं आणि एकेक टाकत बसलो. चाळीसातल्या सहा चालल्या. बाकीच्यांच्या कडेला जांभळट-तपकिरी डाग आलेत, त्या गेल्या असं मी समजते. पण सहा कॉपी डिस्क चालल्या म्हणजे चिप आहेच, बरोबर ना? आणि खात्रीच हवी असेल तर पत्र्याच्या कडेतून दोन पातळ निळ्या तारा डोकावताना दिसल्या. त्यांच्यावर कोणीतरी गरम गोंदाचा ठिपका लावलाय.

रात्री दादाला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, यात चिप आहे हे तुला माहीत होतं? तो हसायला लागला. म्हणाला, "हो तर. पुण्याहून खास मुंबईला जाऊन टाकून आणली होती. तीन हजार. आईला सांगितलं होतं की सी प्लस प्लसच्या क्लासची फी."

फोन स्पीकरवर होता. आई शेजारी बसून तूर निवडत होती.


फ्लक्सवाला:

निळ्या तारा म्हणजे रॅपिंग वायर, आम्हीही तीच वापरायचो. ओढून बघू नका, आहे तशी राहू द्या. चिप आणि कार्ड एकत्र नांदतात सहसा, भांडण झालंच तर बहुतेक चिपा झोपवता येतात.

त्या सहाच्या सहा कॉपी फार चालवू नका. जुन्या कॉपी डिस्क वाचताना ड्राइव्ह लेन्सला सारखी वरखाली नाचवतो, आणि ३९००४ ची लेन्स आता दुकानात मिळते ती बरेचदा नकली असते. नेटवर्क अडॅप्टर कुठे दिसला तर कळवा. ८० जीबीची एक आयडीई हार्डडिस्क माझ्याकडे पडून आहे, आणि माझ्या मशीनवर तयार केलेलं कार्ड तुमच्या मशीनमध्ये चालतं.

क्लासच्या फीचं काय झालं पुढे?


साबुदाणावडा:

आईने दादाला विचारलं, "मग तुला सी प्लस प्लस येतं का नाही?" तो मस्कतला गेली आठ वर्षं तेच करतोय.